मांडूचा जहाज महाल नेमका कशासाठी बांधला?

‘जहाज महालात शयनगृहं नाहीत, दरबारही नाही, मग तो राजवाडा कसला?’ ही तुमची शंका रास्त आहे. माझ्या मते तो राहण्याचा राजवाडा नव्हताच. राजवाड्याच्या आवारातला तो विलासमहाल. तोही पाण्याच्या जिवावर उभा केलेला.

मांडूहून (आजच्या मध्य प्रदेशातून) राज्य करणारा माळव्याचा सुलतान घियासुद्दीन खिलजी (१४६९ ते १५००) याने तो बांधला असं मानतात. बाप महमूद जन्मभर लढत राहिला; मुलाने गादीवर बसताच लढायांना रामराम ठोकला. त्याच्या जनानखान्यात १५,००० बायका होत्या असं जुने इतिहासकार लिहून गेलेत. आकडा फुगवलेला असणार, मला तरी पचत नाही. पण जहाज महाल याच जनान्याचा. दरबारासाठी शेजारी जाड, तिरक्या भिंतींचा हिंडोळा महाल आहे.

आता रचना बघा. लांबी सुमारे १२० मीटर, रुंदी जेमतेम १५. एका अंगाला मुंज तलाव, दुसऱ्या अंगाला कापूर तलाव; म्हणून तो पाण्यात तरंगणाऱ्या जहाजासारखा दिसतो. खाली तीन मोठी दालनं, टोकांना अरुंद खोल्या आणि उत्तरेला तीन बाजूंनी ओवऱ्या असलेला सुरेख हौद. खालचा भाग बघून लोक परत फिरतात, ते चुकतं. खरा महाल गच्चीवर आहे. रुंद जिन्याने वर गेलात की मोकळी लांबलचक गच्ची, घुमटांच्या छत्र्या, दोन्हीकडे पाणी आणि वारा. वरही हौद आहे, आणि त्याला पाणी आणणारी नाली मुद्दाम गोल गोल वळसे घेत नेली आहे. त्या वळशांत पाण्याचा वेग मोडतो, गाळ मागे राहतो. दिसायला मात्र ती निव्वळ नक्षी वाटते!

एवढा पाण्याचा सोस का? मांडू विंध्याच्या पठारावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर. नर्मदा पार खाली, निमाडात. वर नदी नाही, म्हणजे पावसाचं पाणी अडवल्याशिवाय राजधानी तगणं अशक्य. तळी, विहिरी, बावड्या (पायऱ्यांच्या विहिरी) करणं भागच होतं. सुलतानाने त्या गरजेवर चैनीचा मजला चढवला, इतकंच.

पुढे १६१७ मध्ये जहांगीर इथे मुक्कामाला होता. नूरजहाँने तळ्यांभोवती आणि इमारतींवर दिवे लावून केलेल्या रोषणाईचं वर्णन त्याने स्वतःच्या आठवणींत हौसेने केलं आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांनंतरही वास्तूचा उपयोग तोच होता.

बघायला जाणार असाल तर श्रावण-भाद्रपदात जा. मे महिन्यात तळी आटलेली असतात आणि जहाज जमिनीला टेकलेलं दिसतं. धुळ्याकडून येताना इंदूरपर्यंत जायची गरज नाही, आग्रा महामार्गावरूनच मांडूकडे वळता येतं. आणि फोटो जवळच्याच तवेली महालाच्या बाजूने काढा.