हाडांच्या रिपोर्टआधी खुर्ची

प्रिय,

फिजिओथेरपीची पदवी झाली, आता तू घरोघरी जायला लागशील. सत्तरीचे काका समोर बसलेले असतील, घरचे डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट पुढे करून विचारतील, 'कॅल्शियम कुठलं देऊ?' तू आधी काकांना खुर्चीवरून उठायला सांग.

खुर्ची बिनहाताची, भिंतीला टेकवलेली. हात छातीवर आडवे. पाच वेळा उठबस. पाचव्यांदा सरळ उभे राहिले की घड्याळ थांबव. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पायांनी दगा द्यायला सुरुवात केली आहे असं समज. हाताची पकड 28 किलोच्या खाली, पोटरीचा घेर 34 सेंटिमीटरच्या खाली, याही पुरुषांमधल्या स्नायू झिजल्याच्या खुणाच. पोटरी मोजण्याआधी नडगीवर अंगठा दाबून बघ. खड्डा राहिला तर ती सूज आहे, टेप फसवेल. वजनकाट्यावर तर विसंबूच नकोस. मांडी उतरते तेव्हा बहुतेकदा पोट वाढलेलं असतं.

हे आधी का, ते नीट समजून घे. एका पायावर उभं राहिलं की खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो, आणि त्यातला मोठा वाटा स्नायूंच्या ओढीचा असतो. ती ओढ हाडातल्या पेशींना जाणवते, म्हणून हाड टिकतं. स्नायू झिजला की ओढ कमी, हाड विरळ. आणि तोच माणूस अडखळल्यावर स्वतःला सावरूही शकत नाही. 'हाडं ठिसूळ होणं हा बायकांचा आजार' हे ऐकलं की मला काळजी वाटते, कारण खुबा मोडल्यावर दगावण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे का, स्टेरॉइड किती महिने घेतलं, हे विचारल्याशिवाय उठू नकोस. ही औषधं स्नायू आणि हाड दोन्ही खातात.

'रोज चालतो की मी!' असं काका म्हणतील. चालणं चांगलंच, पण तेवढ्याने ताकद वाढत नाही. आठवड्यातून तीनदा खुर्चीची उठबस दे, 8 ते 10 चे तीन फेरे. बसताना तीन आकडे मोजत सावकाश. धपकन बसले तर मांडीचं काम बुडतं आणि मणक्याला हिसका बसतो. उठताना श्वास सोडायचा. कोंडला तर रक्तदाब चढतो. सोपं वाटू लागलं की पाठीवरच्या पिशवीत 2 किलो. उंची तरुणपणापेक्षा 4 सेंटिमीटर घटली असेल तर मात्र आधी मणक्याचा एक्स-रे, तोवर वजन नाही आणि वाकून पायाचे अंगठे धरणं बंद.

ताटाकडेही बघ. 60 किलोच्या माणसाला दिवसाला 60 ते 72 ग्रॅम प्रथिनं लागतात, वाटीभर वरणात जेमतेम पाचेक ग्रॅम. सकाळी चहा-बिस्किटाऐवजी दोन अंडी आणि कपभर दूध, म्हणजे 18-20 ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी ठरलेल्या आठवड्यांपुरतीच असते; न विचारता दर आठवड्याला वर्षभर घेतल्यास रक्तात कॅल्शियम चढू शकतं, मग बद्धकोष्ठता होते, माणूस भ्रमतो.

डेक्सातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा, उणे 2.5 किंवा त्याखाली असेल, किंवा साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, तर औषधाला पर्याय म्हणून व्यायाम देऊ नकोस, दोन्ही लागतात. डेक्सात फरक दिसायला वर्ष-दोन वर्षं जातात. खुर्चीचे सेकंद दर तीन महिन्यांनी मोज आणि काकांच्या कॅलेंडरवर त्यांच्याच हाताने लिहून घे.