जुन्या कापडातून मावळ्याचा पोशाख

प्रश्न : शिवराज्याभिषेक दिनासाठी आमच्या मंडळातील मुलांना १७व्या शतकातील मावळ्याचा पोशाख जुन्या कापडातून शिवायचा आहे. कापड कसे निवडावे?

उत्तर : जुन्या बाजारात रंग पाहण्याआधी धागा पाहावा. कडेचा एक धागा चिमट्यात धरून पेटवला असता, सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख उरते आणि पॉलिस्टर असेल तर वितळून त्याचा कडक मणी होतो. असे पॉलिस्टरचे कापड जूनच्या उकाड्यात अंगावर सोसवतही नाही. जाडसर सुती पलंगपोसातून मुलाचा गुडघ्यापर्यंतचा अंगरखा निघतो, तर विरलेली सुती नऊवारी उभी फाडल्यास पागोटे आणि कमरेचा शेला असे दोन्ही साधते. अंगरख्याला बटणे किंवा चेन नकोच. त्याच कापडाचे बंद शिवून ते बाजूला बांधावेत. आतील शिवण मशीनवर घालण्यास आमची हरकत नाही, परंतु दिसणारी कड हातानेच दुमडावी. झगझगीत गुलाबी आणि पोपटी रंग टाळावेत (तयार भाड्याचे पोशाख नाटकी दिसतात ते बहुधा याचमुळे), कारण व्यापारी कृत्रिम रंग १८५६ नंतर, म्हणजे १६७४ च्या राज्याभिषेकानंतर जवळजवळ दोन शतकांनी आले. पांढरेशुभ्र कापड चहाच्या कढत पाण्यात भिजवून मळखाऊ करून घ्यावे.