ताश्कंदमध्ये अर्धाच दिवस हाती असेल तर उझ्बेक हस्तकला कुठे पाहावी? चोरसू बाजार की संग्रहालय?

आधी उपयोजित कला संग्रहालय, मग चोरसू. बाजारात रंगच इतके असतात की हातचं कुठलं आणि कारखान्यातलं कुठलं, हे नवख्याला उमगत नाही. संग्रहालयात दोन तास घालवलेत की नजर बसते. ते कोस्मोनावतलार मेट्रो स्थानकाच्या जवळच आहे.

आत शिरल्यावर लगेच कपाटांकडे वळू नका, मुख्य दालनात थांबून भिंती आणि छत बघा. हे पोलोवत्सेव नावाच्या रशियन मुत्सद्द्याचं घर, स्थानिक कारागिरांनी सजवलेलं. भिंतींवर गंच, म्हणजे जिप्समच्या गिलाव्यात कोरलेली नक्षी, आणि वर रंगवलेलं लाकडी छत. १९३७ सालच्या हस्तकला प्रदर्शनातून पुढे हे संग्रहालय उभं राहिलं.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो सुझानींपुढे. मुलीच्या लग्नात द्यायची ही भरतकामाची मोठी चादर. कापडाच्या अरुंद पट्ट्या आधी कच्च्या टाक्यांनी जोडायच्या, त्यावर नक्षी रेखून घ्यायची, मग पट्ट्या सुट्या करून घरातल्या बायकांनी वाटून घ्यायच्या आणि भरून झाल्या की पुन्हा जोडायच्या. म्हणून जोडाची रेघ शोधा. एखादं लाल फूल तिथे दोन बोटं सरकलेलं दिसतं, अर्ध्या फुलाचा लाल थोडा गडद असतो. दोन वेगळे हात तिथे भेटलेले असतात. मला तरी हे जोड अख्ख्या नक्षीपेक्षा जास्त आवडतात.

रिश्तान या कुंभारकामाच्या गावची निळी-फिरोजी भांडी चुकवू नका. त्यांची पारंपरिक झिलई, इश्कोर, रानटी झुडपांच्या राखेपासून करतात. सोव्हिएत काळात ती मागे पडली होती, नंतरच्या कुंभारांनी पुन्हा उभी केली. जुन्यासोबत अलीकडच्या कारागिरांचं कामही इथे आहे, तेही तितक्याच निवांतपणे पाहा.

आता चोरसू. तिथे अद्रस, म्हणजे इथलं इकत कापड, घेणार असाल तर ते उलटून बघा. आपल्या पोचमपल्लीसारखंच यातही सूत आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात, त्यामुळे रंग दोन्ही बाजूंनी उमटतो आणि नक्षीच्या कडा किंचित पसरट दिसतात. मागची बाजू फिकी असेल तर ते छापील आहे. किंमत त्या हिशेबाने करा.