हुशार मुलंसुद्धा नामांकित कॉलेजांत अर्जच का करत नाहीत?
दरवेळी गुण कमी पडतात म्हणून नाही. पुष्कळदा छापील फीचा आकडा बघूनच घरचे माघार घेतात. अमेरिकेतलं उदाहरण बघा. मिशिगन विद्यापीठाने २०१५ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांना थेट पत्रं धाडली: प्रवेश मिळाला तर चार वर्षांची शिक्षण फी माफ, नक्की. साधी माहितीपत्रकं गेलेल्यांपैकी २६ टक्क्यांनी अर्ज केला, हे पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी! गंमत म्हणजे, बहुतेकांना तेवढी मदत तशीही मिळालीच असती. म्हणजे फरक पैशाचा कमी, खात्रीचा जास्त. बाकी घरापासूनचं अंतर आहेच. आणि शाळेतलं आधी कुणी तिथे गेलंय का, हे माझ्या मते आपण समजतो त्यापेक्षा बरंच जड पडतं.