खोलीत घाम, मीटरवर २२ अंश

प्रश्न : सर, मी डोंबिवलीला राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी एलएम३५ या तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं व्होल्टेज ७४१ या ऑप-अँपने (व्होल्टेज वाढवणाऱ्या आयसीने) दहापट करतोय. इन्व्हर्टिंग जोडणी (आउटपुट उलट चिन्हाचं), अधिक-उणे १२ व्होल्ट सप्लाय. करंट कमी लागावा म्हणून १ मेग (दहा लाख ओहम) आणि १० मेगचे रेझिस्टर घातले. खोलीत ३० अंश असताना हिशोब २२ च्या आसपास येतो. आयसी दोनदा बदलली. मित्र म्हणतो, १० आणि १०० ओहम घाल. गुणोत्तर तेच आहे ना?

उत्तर : काढलेल्या आयसी फेकल्या नसशील तर जपून ठेव, त्या चांगल्याच असणार. गेन, म्हणजे व्होल्टेज किती पट होतं ते, रेझिस्टरच्या गुणोत्तरावर ठरतो हे वहीतलं वाक्य खरं. पण ते ज्या ऑप-अँपबद्दल आहे तो लॅमिंग्टन रोडवर मिळत नाही. मिळतो तो ७४१, आणि त्याच्या इनपुटच्या पायाला थोडा करंट लागतोच, साधारण ८० नॅनोअँपिअर. तो येतो तुझ्या १० मेगमधून. गुणाकार कर : ०.८ व्होल्ट. ३० अंशांना सेन्सरचे ०.३ व्होल्ट, ते दहापट होऊन आउटपुटला उणे ३ हवे होते तिथे उणे २.२ उरले. तुझ्या सर्किटात एका अंशाला १०० मिलिव्होल्ट, म्हणजे ८ अंश कुठे गेले ते कळलं. डेटाशीटमधला कमाल आकडा तर ५०० नॅनोचा आहे. तसा नग हाती लागला असता तर ५ व्होल्टचा घोळ होता.

मित्राचं ऐकलंस तर दुसऱ्या टोकाला जाशील. १० ओहमवर ०.३ व्होल्ट म्हणजे ३० मिलिअँपिअर. एलएम३५ कडे १ मिलिअँपिअरच्या वर मागू नये. ७४१ लाही १०० ओहमसाठी तेवढेच ३० द्यावे लागतील, आणि त्याचा दम २५ च्या आसपास संपतो.

१० के (१० हजार ओहम) आणि १०० के घे. सेन्सरवर भार ३० मायक्रोअँपिअर, चूक ८ मिलिव्होल्ट. तीही टोचत असेल तर नॉन-इन्व्हर्टिंग पाय थेट ग्राउंडला न जोडता ९.१ के मधून जोड. दोन्ही पायांना सारखा रेझिस्टन्स दिसला की चूक बरीचशी आपसात वजा होते. ९.१ नसला तर १० के चालेल, दुकानदाराशी हुज्जत घालू नकोस.

सोनेरी पट्टीचे ५ टक्के फरकवाले रेझिस्टर मात्र डोळे मिटून लावू नकोस. एक वर, एक खाली निघाला तर ३० अंशांत ३ अंश गेले. १ टक्क्याचे मेटल फिल्म घे, नाहीतर दहावीस नग मल्टिमीटरवर मोजून बरोबर दहापट निघणारी जोडी निवड. मी अजून तेच करतो, मुख्यतः कंजूषपणापायी.

आणि मुंबईत १० मेग म्हणजे पावसाळ्याशी पंगा. गिरगावातल्या माझ्या खोलीत असलं एक सर्किट मे महिन्यात शहाण्यासारखं वागायचं, जुलैत आकडा दिवसभर सरकायचा. सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स ओल धरून दोन पायांमध्ये स्वतःच रेझिस्टर होऊन बसला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड घासला, तेव्हा कुठे आकडा थांबला. तुला १० मेगचाच हट्ट असेल तर ७४१ काढून त्याच सॉकेटमध्ये टीएल०७१ लाव, तिचा इनपुट करंट पिकोअँपिअरमध्ये असतो. बोर्ड मात्र आधी घासून घे.