‘क्लोज टू द एज’ : ज्या ठिकाणी आपण थांबलात, तिथून पुढे

‘येस’ या इंग्लिश रॉक बँडचा १९७२चा ‘क्लोज टू द एज’ हा अल्बम आपण दोनदा लावलात, दोन्ही वेळा तिसऱ्या मिनिटाच्या आत बंद केलात, आणि या गोंधळात लोकांना काय सापडते, असे विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. सुरुवात अंगावर येते हे खरेच. पण आपण ज्या ठिकाणी थांबलात, त्याच्या अगदी पुढेच गिटारवर शीर्षकगीताची मुख्य चाल येते, हे आपले दुर्दैव.

शीर्षकगीत जवळपास पावणेएकोणीस मिनिटांचे आहे आणि रेकॉर्डची पहिली बाजू त्यातच संपते. आरंभी मिनिटभर पाण्याचा आणि पक्ष्यांचा आवाज हळूहळू वाढत जातो. माझ्याकडे पूर्वी मित्राच्या रेकॉर्डवरून उतरवून घेतलेली कॅसेट होती. काही ऐकू येत नाही म्हणून मी आवाज वाढवत जाई आणि मग स्टीव्ह हाउची गिटार अशी काही कोसळे की आई स्वयंपाकघरातून बाहेर येई. त्या धुमश्चक्रीत गिटार, बेस आणि ड्रम एकमेकांची पर्वा न करता धावत आहेत असे वाटते, तेवढ्यात सगळी वाद्ये एकदम थांबतात, क्षणभर फक्त गळ्यांचा शब्दाविना ‘आ’ उरतो, आणि पुन्हा तोच झपाटा सुरू होतो. तिसऱ्या मिनिटाच्या सुमारास हे सारे निवळते, गिटार मोकळी, सरळ चाल धरते आणि चौथ्या मिनिटाच्या आसपास जॉन अँडरसन गाऊ लागतो.

इथून पुढे माझी सूचना एकच : सगळे समजून घेण्याच्या भरीस न पडता ‘आय गेट अप, आय गेट डाउन’ या छोट्याशा ओळीचा माग काढा. आरंभीच्या कडव्यांनंतर ती वेगात, जाता जाता म्हटल्यासारखी येते आणि लक्षातही राहत नाही. साडेआठव्या मिनिटाच्या पुढे मात्र ताल विरतो आणि तीच ओळ एका संपूर्ण संथ भागाचा कणा होते. बेसवादक ख्रिस स्क्वायर आणि हाउ खाली एक चाल गात राहतात, तर अँडरसन तिच्यावर वेगळीच चाल वेगळ्या शब्दांत गातो. मग चर्चचा भव्य ऑर्गन उसळतो. तो बँडचा कीबोर्डवादक रिक वेकमन याने लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट या चर्चमध्ये वाजवलेला आहे, आणि त्या जागेचा घुमारा कानाला लगेच कळतो. शेवटी सारे वेगात परत येते, ती ओळ अखेरची उमटते आणि पुन्हा पाणी व पक्षी ऐकू येतात. हा प्रवास एकदा कानात बसला की पहिल्या तीन मिनिटांचा गोंधळ गोंधळ वाटेनासा होतो, कारण तो कुठे जाऊन पोहोचणार आहे हे आपल्याला ठाऊक असते.

हे गीत तुकड्यातुकड्यांनी का वाटते, याचे उत्तर ते ज्या पद्धतीने घडले त्यात आहे. लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत बँड काही मात्रांचा एकेक तुकडा बसवून ध्वनिमुद्रित करी, आणि ध्वनिमुद्रक एडी ऑफर्ड टेप ब्लेडने कापून ते तुकडे जोडत असे. सबंध गीत सलग वाजवायला ही मंडळी नंतर शिकली. हवा असलेला एक तुकडा सफाई करणाऱ्यांनी कचऱ्यात टाकला होता आणि तो शोधून जोडावा लागला, अशी एक कथाही सांगतात. सहाव्या मिनिटाच्या आसपास ध्वनीचा पोत अचानक बदलतो. तो सांधा हेडफोनवर मला तरी दर वेळी जाणवतो. या किचकट कामाला ड्रमर बिल ब्रुफर्ड कंटाळला होता. अल्बमचे ‘कड्याच्या टोकाशी’ अशा अर्थाचे नाव त्यानेच सुचवलेले, आणि काम संपताच तो ‘किंग क्रिमसन’ या दुसऱ्या बँडमध्ये निघून गेला. त्याच्या जागी आलेल्या ॲलन व्हाइटला दौऱ्याआधी सगळे वाजवणे जेमतेम काही दिवसांत आत्मसात करावे लागले.

आपल्याकडच्या श्रोत्यांना दोन गोष्टी ओळखीच्या वाटतील. कडव्यांच्या मागे सतारीसारखी झणझणणारी जी तार ऐकू येते, ती ‘कोरल’ इलेक्ट्रिक सतार. म्हणजे गिटारच, पण तिची घोडी जवारीचा, म्हणजे सतारीच्या त्या झणझणाटाचा, आभास निर्माण करील अशी बसवलेली आणि सोबत तरफेच्या, म्हणजे आपोआप गुंजणाऱ्या, तारा. तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, शोधू नका, मिळणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे शब्दांतली नदी. हर्मन हेस यांच्या ‘सिद्धार्थ’ या कादंबरीतून अँडरसनला ती सुचली. त्या कादंबरीत नावाडी वासुदेव नायकाला नदीचे ऐकायला शिकवतो. मात्र प्रत्येक ओळीचा अर्थ लावत बसू नये, कारण अँडरसन बऱ्याचदा अर्थापेक्षा नादासाठी शब्द निवडतो.

पहिल्या बाजूने पुन्हा छळलेच, तर दुसरी बाजू आधी ऐका. ‘सायबेरियन खात्रू’ सुमारे नऊ मिनिटांचे आहे, त्यात गिटारचा ठसठशीत तुकडा वारंवार परततो, त्यामुळे पकडायला दोरी मिळते. ‘अँड यू अँड आय’ त्याहून सौम्य आहे. त्याच्या आरंभी हाउ अगदी सहज ‘ओके’ म्हणतो, तेही टेपवर तसेच राहू दिले आहे.

संगीतकार स्टीव्हन विल्सनने मूळ टेपांवरून २०१३मध्ये केलेले नवे मिश्रण (रिमिक्स) अधिक स्वच्छ आहे आणि स्क्वायरचा बेस त्यात फार सुरेख उठून दिसतो. तरीही माझे मत असे की पहिल्यांदा जुनेच ऐकावे, कारण त्या जुन्या दाटीतून अचानक मोकळ्यावर आल्याचा जो परिणाम ऑर्गनपाशी होतो, तो नव्यात थोडा कमी होतो. आणि पहिल्या मिनिटात काहीही ऐकू आले नाही, तरी आवाज वाढवू नका.