महिन्याला एकच बंदूक: असा नियम घटनेत बसतो का?

प्रश्न : कॅलिफोर्नियातला ‘तीस दिवसांत एकच बंदूक’ हा कायदा न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. कुणाची बंदूक काढून घेतली नव्हती, विकत घेण्यावर बंदीही नव्हती. फक्त महिनाभर थांबा एवढेच सांगितले होते. मग बिघडले कुठे? (वाचक, पुणे)

नियम वाढत कसा गेला ते आधी पाहू. १९९९ साली कायदा झाला तेव्हा तो फक्त हँडगनपुरता, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरपुरता होता. जुलै २०२१ पासून त्यात काही अर्धस्वयंचलित रायफली आल्या आणि जानेवारी २०२४ पासून विक्रेत्याकडच्या जवळजवळ सगळ्याच बंदुका. पोलीस, परवानाधारक संग्राहक अशा काहींना सूट होती. हेतू उघड होता. एकाने दहा पिस्तुले घ्यायची आणि ज्यांना कायद्याने मिळत नाहीत त्यांना विकायची, ही बेनामी खरेदी रोखायची होती.

हेतू चांगला असला म्हणजे कायदा टिकतो, असे मात्र २०२२ नंतर राहिलेले नाही. त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रूएन’ खटल्यात दुसऱ्या घटनादुरुस्तीसाठी, म्हणजे शस्त्रे बाळगण्याचा हक्क देणाऱ्या कलमासाठी, नवी कसोटी घालून दिली. तिच्या पायऱ्या दोन. नागरिकाला जे करायचे आहे ते दुरुस्तीच्या शब्दांत बसते का, हे आधी पाहायचे. बसत असेल तर तसाच निर्बंध देशाच्या जुन्या परंपरेत होता हे सरकारने दाखवायचे. कायद्याने गुन्हे किती घटले, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. हे अनेकांच्या पचनी पडत नाही, पण खटला समजायचा तर इथूनच सुरुवात करावी लागते.

‘न्गुयेन विरुद्ध बोंटा’ या खटल्यात सॅन डिएगोच्या संघराज्य न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये कायदा रद्द केला आणि २० जून २०२५ रोजी नवव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्ये मिळून असलेला अपिलीय न्यायालयाचा विभाग) अपिलीय न्यायालयाने तो निकाल कायम केला. राज्याचा पहिला मुद्दा असा होता की दुरुस्ती फार तर एक बंदूक बाळगण्याचा हक्क देते. तो टिकला नाही, कारण मूळ इंग्रजी मजकुरात ‘शस्त्रे’ हे अनेकवचन आहे आणि बाळगण्याच्या हक्कात मिळवण्याचा हक्क आलाच. दुसरा धागा आपल्या वाचकांनाही पटण्यासारखा आहे. महिन्यातून एकदाच लेख छापा, एकदाच देवळात जा, असे सरकार सांगू शकत नाही. मग याच हक्काला असे मोजमाप कसे लावायचे?

मग राहिला इतिहास. दारूगोळा साठवण्याचे जुने नियम, मूळ रहिवाशांना शस्त्रे विकण्यावरची वसाहतकालीन बंदी, ठरावीक शस्त्रांवरचे कर, विक्रेत्यांचे परवाने अशी जंत्री राज्याने मांडली. पण दारूगोळ्याचे नियम आग लागू नये म्हणून होते आणि मूळ रहिवाशांवरची बंदी ‘कोणाला विकायचे’ याची होती. ‘किती वेळा विकत घ्यायचे’ यावर मर्यादा घालणारा एकही नियम त्यात नव्हता. जुळा भाऊ नको, पण निदान चुलतभाऊ तरी दाखवा, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

आमच्या मते या तर्कात एक कच्चा दुवा आहे. अठराव्या शतकात बंदूक कारागिराच्या हातून एकेक घडत होती. एका दुपारी दुकानातून वीस नग उचलण्याची सोयच नव्हती, मग त्यावर कायदा कोण करणार? तरीही अपिलीय न्यायालयाच्या तिन्ही न्यायाधीशांचा निष्कर्ष एकच होता. त्यांपैकी न्या. ओवेन्स यांनी वेगळी टीप जोडून स्पष्ट केले की घाऊक आणि बेनामी खरेदी रोखण्याचे इतर मार्ग या निकालाने बंद होत नाहीत.

प्रश्न : म्हणजे आता इतर राज्यांतले असे कायदेही गेले का? एकाच दिवशी पाच पिस्तुले घेता येतील? (वाचक, ठाणे)

गेले नाहीत. नववे सर्किट पश्चिमेकडच्या नऊ राज्यांपुरते आहे. असेच कायदे असलेली मेरीलँड, व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी ही राज्ये वेगळ्या सर्किटांत येतात, तिथे हा निकाल बंधनकारक नाही. व्हर्जिनियाने तर १९९३ चा नियम २०१२ मध्ये स्वतःच रद्द केला आणि २०२० मध्ये परत आणला.

कॅलिफोर्नियातही खरेदी केली की लगेच बंदूक घरी नेता येत नाही. पार्श्वभूमी तपासणी आणि दहा दिवसांची थांबण्याची मुदत यांना या निकालाने हात लावलेला नाही. शिवाय संघराज्याचा वेगळा नियम आहे. एकाच व्यक्तीने सलग पाच कामकाजाच्या दिवसांत दोन किंवा अधिक हँडगन घेतल्या, तर विक्रेत्याने त्याच दिवशी तसा अहवाल द्यायचा असतो. विक्री थांबत नाही, पण नोंद होते.

प्रश्न : एच-वन-बी व्हिसावर आहोत. निकालानंतर आम्हाला खरेदी करता येईल का? (वाचक, सॅन होजे)

या निकालाने आपल्याला काहीच मिळत नाही. ग्रीन कार्डधारक खरेदी करू शकतो. एच-वन-बी, एच-फोर किंवा विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला मात्र संघराज्य कायद्याने बंदूक बाळगणेच सहसा मना आहे. नेहमीचा अपवाद म्हणजे अमेरिकेतील कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. त्याची मुदत संपली की अपवादही संपला.

चूक होते ती नेमबाजीच्या रेंजवर. भाड्याने घेतलेली बंदूक तासभर हातात धरणे हेही ‘बाळगणे’च. २०१९ च्या ‘रेहैफ’ खटल्याची सुरुवात अशाच एका रेंजवर झाली. आरोपी विद्यार्थी व्हिसावर आला होता आणि शिक्षण सुटल्याने त्याचा वास्तव्याचा दर्जा संपलेला होता. खरेदीच्या अर्जात व्हिसाबद्दल खोटे लिहिल्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास हद्दपारीची टांगती तलवार असते. मित्राच्या नावावर घेण्याचा विचार तर अजिबात नको.

प्रश्न : भारतात अशी मर्यादा कुणी न्यायालयात का नेत नाही? (वाचक, सातारा)

कारण आपल्याकडे शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्कच नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये शस्त्रांचा उल्लेख येतो तो ‘शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्या’च्या हक्कात. आपल्याकडे मर्यादा वेगाची नसून संख्येची आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडची कमाल शस्त्रे तीनवरून दोनवर आली; विधेयकात तर एकच सुचवले होते. वाड्यात आजोबांची बंदूक असेल तर लक्षात ठेवा, वारशाने आलेले शस्त्रही या दोनमध्येच मोजतात.